चाळीस मिनिटांची चावी

मित्रांनो, तुम्ही माझ्यासमोरून गेलात, तर दुसऱ्यांदा वळून माझ्याकडे पाहणार नाही. मी एक जुना, चावीचा टायमर आहे. न्हाणीघरातील ओली हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याचा खटका म्हणून माझी नेमणूक झाली. पांढरी चौकोनी पाटी, तिच्या मध्यभागी गोल मूठ आणि मुठीभोवती साठपर्यंतचे आकडे, एवढेच माझे रूप. पोटात मात्र पोलादी स्प्रिंग आहे आणि तिचा मला आजही अभिमान वाटतो. मूठ फिरवून जितक्या मिनिटांची चावी द्याल, तितकी मिनिटे मी टिकटिक करीत पंखा चालवतो आणि वेळ संपताच तो स्वतःहून बंद करतो.

कोणत्या कारखान्यात माझी जुळणी झाली, ते मला सांगता येत नाही. कळू लागले तेव्हा मी मोंतेविदेओ शहरातील एका हार्डवेअरच्या दुकानात, सर्वांत वरच्या फळीवर होतो. खाली काचेच्या कपाटात माझे नव्या पिढीचे भाऊबंद मानाने बसलेले असत. एकाच्या अंगावर हिरवे आकडे उजळत. दुसरा तर हवेतील ओल ओळखून आपोआप चालू-बंद होई. त्यांच्यासमोर मला कोण विचारणार, असे मानून मी धूळ खात राहिलो.

आमच्याकडचा हिवाळा सुरू होतो त्या जून महिन्यातील एका सकाळी नीबियाबाई दुकानात आल्या. त्या शाळेत गायन शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांच्यासोबत त्यांचा एके काळचा विद्यार्थी आणि आताचा वायरमन यामांडू होता. बाईंच्या यजमानांना तो काका म्हणे.

"बाई, पंखा दिव्याच्या बटनावर आहे, खरी गडबड तिथंच आहे," यामांडू म्हणाला. "काका अंघोळ करून निघतात आणि पाय उंबऱ्याबाहेर पडायच्या आत दिवा घालवतात. दिव्याबरोबर पंखाही जातो. मग ती वाफ जाणार कुठं?"

"माझ्या उशाशी," नीबियाबाई म्हणाल्या.

त्यात अतिशयोक्ती नव्हती. त्यांच्या न्हाणीघराला खिडकी नव्हती, आणि त्याची एक भिंत म्हणजेच त्यांच्या झोपण्याच्या खोलीची भिंत. त्या भिंतीवर काळी बुरशी चढली होती आणि बाईंच्या छातीत दमा बसला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते, की सप्टेंबरपर्यंत भिंत वाळली नाही, तर बाईंनी ते घर सोडून दूर ताक्वारेंबो गावी बहिणीकडे राहायला जावे. दर गुरुवारी पेठेतील अकरा बायका त्यांच्या दिवाणखान्यात गायला जमत. घर सुटले असते, तर ते गाणेही सुटले असते.

दुकानदाराने ओल ओळखणारा टायमर पुढे केला. यामांडू हसला.

"जुलैत आपल्याकडं डबीतलं मीठ खाली पडत नाही, मालक. रस्त्यावरची हवाच ओली. हा पठ्ठ्या एकदा चालू झाला की बंद व्हायला ऑक्टोबर उजाडेल."

"मग हा आकडेवाला घ्या."

"त्याला तिसरी तार लागते. बाईंच्या भिंतीत दोनच आहेत. तिसरी ओढायची तर फरश्या फोडाव्या लागतील. वर तो चावीचा दिसतोय ना, तो काढा."

मित्रांनो, त्या तरुणाविषयी माझ्या मनात जो आदर निर्माण झाला, तो कधीही ओसरला नाही. त्याने दिखाऊपणाला भुलून निवड केली नाही. त्याने घराची भिंत, गावची हवा आणि माणसांच्या सवयी पाहिल्या, आणि मग खटका निवडला.

पाण्याचा शिंतोडाही पोहोचणार नाही अशा ठिकाणी, न्हाणीघराबाहेरच्या बोळात त्याने मला बसवले आणि पंख्याच्या तारा दिव्यापासून वेगळ्या करून मला जोडल्या. पहिले काही दिवस माझे फार कौतुक झाले. गुरुवारच्या बायका तर मला पाहायला बोळात रांगेने उभ्या राहिल्या. बाई माझ्या टिकटिकीवर बोटाने ताल धरीत. फक्त त्यांचे पती हेबेरकाका नाराज होते. काखेत थर्मास आणि हातात येर्बाच्या, म्हणजे आमच्याकडच्या कडवट पाल्याच्या चहाचा पेला घेऊन ते माझ्यासमोर उभे राहत.

"म्हातारे, चाळीस मिनिटं? एवढ्या वेळात जहाज नदीपलीकडच्या ब्वेनोस आयरेसच्या निम्म्या वाटेवर जाईल."

"जाऊ दे की. तू त्यात नाहीयेस ना," बाई म्हणत.

बाई चाळीसची चावी देत आणि काका गुपचूप मूठ मागे फिरवून दहावर आणीत. मूठ अशी उलटी पिळली की माझ्या दातेरी चाकांना किती यातना होतात, ते मी कोणाला सांगणार? पुढे बाईंनी त्यांना पकडले, तेव्हा तेही थांबले.

तरीही जुलै सरत आला आणि भिंत ओलीच राहिली. मी पूर्ण चाळीस मिनिटे चालत होतो. पंखाही गरगरत होता. परंतु बुरशी खाली उतरण्याऐवजी बाईंच्या उशीकडे सरकत होती. मग दोष कोणाचा? अर्थातच माझा.

"जुनं खोकं गळ्यात मारलंन तुझ्या शिष्यानं," काका म्हणाले.

चावी देणे हळूहळू बंद झाले. माझ्या मुठीवर काका आपली बेरेट टोपी अडकवू लागले. त्या लोकरी अंधारात मी पुष्कळ दिवस काढले. मित्रांनो, काम नसण्याचे दुःख मोठे खरेच, पण रोज पहाटे भिंतीपलीकडून येणारा बाईंचा खोकला त्याहून मोठा होता. ऑगस्टमध्ये बहिणीचा फोन आला. बाईंसाठी खोलीला रंग दिला होता. बाईंनी "बरं" एवढेच म्हटले. त्या गुरुवारी त्यांनी बायकांना गाणे शिकवले, परंतु पुढचे गाणे कोणते ते सांगितले नाही.

त्या बायकांकडून यामांडूला सगळे कळले आणि तो दुसऱ्याच दिवशी आला. त्याने माझ्यावरची टोपी काढून खुंटीवर ठेवली, मला चावी दिली, आत जाऊन दार लावून घेतले आणि कागदाचा एक पातळ तुकडा पंख्याच्या जाळीला लावला. तुकडा खाली पडला. नंतर त्याने दार उघडे ठेवून तेच केले. कागद जाळीला घट्ट चिकटला.

"बाई, टायमर ठीक आहे. पंखाही ठीक आहे. पण बाहेरची हवा आत आल्याशिवाय आतली बाहेर जाणार कशी?" असे म्हणून त्याने खाली पाहिले.

दाराच्या फटीशी कापडाची लांब गुंडाळी पडली होती. बाईंनीच ती शिवली होती आणि तिच्यात किनाऱ्यावरची वाळू भरली होती. दक्षिणेचा बोचरा वारा अडवायला त्या घरातील प्रत्येक दाराशी अशी गुंडाळी होती. अंघोळीला जाणारे माणूस आतून आणि परत निघालेले बाहेरून पायाने ती फटीत सरकवी. हे अंगवळणी पडलेले काम कोणाच्या ध्यानातही येत नसे.

कोणी दुसऱ्याकडे बोट दाखवले असते. नीबियाबाईंनी खाली वाकून ती गुंडाळी स्वतः उचलली.

"म्हणजे स्वतःचा खोकला मीच शिवला," त्या म्हणाल्या. "किती फट हवी?"

"दोन बोटं. दार खालून कापावं लागेल. पण ते काकांच्या वडिलांनी केलेलं..."

हेबेरकाका आयुष्यभर वाऱ्याशी भांडलेले गृहस्थ. त्यांनी पेला खाली ठेवला, बिजागऱ्या सोडवल्या, वडिलांचे दार बोळात आडवे केले आणि करवत चालवली. लाकडाचा भुसा माझ्यापर्यंत उडाला. बाई म्हणाल्या, "म्हाताऱ्या, यामांडू करेल ना."

"ताक्वारेंबोला जायची इतकी घाई आहे का तुला? सरक जरा, उजेड येऊ दे," काका म्हणाले आणि कापत राहिले.

दार पुन्हा बसल्यावर त्यांनी स्वतः मला चावी दिली. चाळीसची. हात मागे नेला, पुन्हा मुठीवर ठेवला आणि पंचेचाळीस केली.

त्या दिवसापासून भिंत वाळू लागली. काकांनी ती खरवडून चुना दिला. सप्टेंबरच्या शेवटी डॉक्टरीणबाई आल्या, भिंतीवर तळहात ठेवला, बाईंची छाती तपासली आणि म्हणाल्या, "ताक्वारेंबोला जा, पण भेटायला. आठ दिवसांत परत या." बाई खुर्चीवर बसून राहिल्या. काका स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पुढच्या गुरुवारी अकरा बायकांनी नवे गाणे सुरू केले.

त्याला आता एकोणीस वर्षे झाली. माझे आकडे पुसट झाले आहेत, पण चाळीस कोठे येतात ते त्या घरातील बोटांना पाठ आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याची मूठ उलटी पिळू नका, पंख्याच्या जाळीवरची धूळ पुसा आणि दाराखालची फट मोकळी ठेवा. चावी मात्र पूर्ण द्या. मग खुशाल मला विसरून आपल्या कामाला लागा. तुमच्यामागे जागे राहण्यासाठीच तर मला बनवले आहे.