विजेचा कौल

लख्ख

देवळाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लांज्याहून, राजापुराहून माणसं एसटीने आली होती. इथे पाषाणाला फुलं चिकटवून ती कधी पडतात म्हणून ताटकळायचं नव्हतं. तेजोबाबांच्या चौरंगावर एक साधा बल्ब. गाऱ्हाणं घातलं की तो आपोआप उजळायचा, नाहीतर मंद होत होत निखाऱ्यासारखा तांबडा व्हायचा. उजळला तर होय. मंदावला तर दोष.

बाबा दोन्ही हात आभाळाकडे धरून बसत. "हातात काय नाय, खाली काय नाय. पाप जड झालं की तेज वाकतं."

तेज म्हणे वाकतं! आणि माणसं माना डोलावत.

मंद

मागच्या हंगामात वाडीतल्या कलमांचा मोहोर करपला. नजर कोणाची? एकेक नाव घेतलं गेलं. चिमाच्या नावाला बल्ब वाकला. तिचा नवरा बोटीवर, घरात ती आणि लहानगी मैना. गावच्या मानकऱ्याने, गावकर रावजीने, दुसऱ्याच दिवशी तिला वाडीची विहीर बंद केली. ती पऱ्ह्याचं, रानातल्या बारक्या ओढ्याचं पाणी आणू लागली. पऱ्ह्या आटला, तेव्हा डबक्याचं. मैना काविळीने पिवळी पडली आणि मरता मरता वाचली.

चिमाची थोरली बहीण सगुणा रत्नागिरीत शाळेवर विज्ञान शिकवायची. इस्पितळात मैनेच्या उशाशी बसून तिने ठरवलं. सत्य तर ती वर्गात रोजच सांगायची. आता तिला बाबा उघडा पाडायचा होता. भर अंगणात.

गुरगुर

वायरमन दादूने चौरंग पूर्वीच तपासला होता. बल्ब मंद करायचा तर जाडजूड तारेचं वेटोळं लागतं, ते चुलीसारखं तापतं, हे त्याला ठाऊक. आत जड काही नव्हतं, गरम काही नव्हतं. उरला चमत्कार. दादूच पहिला पाया पडला.

बाबा आल्यापासून देवळाच्या गुरवाला, सखारामला, कौलासाठी कोणी विचारेना. तो सगुणाकडे वेगळंच रडगाणं गायला. कौल सुरू झाला की त्याच्या खोलीतला रेडिओ गुरगुरतो. बल्ब लख्ख असला की साफ, विझला की साफ. अर्धामुर्धा असला की गुरगुर. लोक म्हणत, देव बोलतो.

सगुणा हसली. बऱ्याच दिवसांनी.

थरथर

पुढच्या कौलाला चौरंगाची वायर सखारामने भिंतीत न लावता सगुणाने आणलेल्या लाकडी बोर्डात लावली. बोर्डाचं बटण तिच्या पदराखाली होतं. ती उभी राहिली आणि गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, ह्या तेजोबाबाचा कौल खरा असेल तर दिवा लख्ख कर."

बल्ब हिवताप चढल्यासारखा थरथरला आणि वाकू लागला. वाकला. तांबडा झाला.

हात आभाळाकडेच होते, पण बाबांनी देवाकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे. बसायच्या मृगाजिनाखाली तो वळवळत होता, उंदीर सापडल्यासारखा. सगुणाने मृगाजिन ओढलं. अंगठ्याखाली एक चकती, चकतीपासून चौरंगात गेलेली बारीक तार.

"हा महिपत," ती म्हणाली. "मी चौकशी केली. मुंबईत नाटकांचे दिवे लावायचा. तिथे सूर्य मावळायचा तो असाच."

चौरंगाची फळी उचकटून तिने नखाएवढा काळा तुकडा वर धरला. "ह्याला ट्रायाक म्हणतात. दादू, तू तापणारं वेटोळं शोधत बसलास. ते आता लागत नाही. हा बल्बची वीज सेकंदाला शंभर वेळा तोडतो आणि जोडतो. जोडायला जितका उशीर, तितका उजेड कमी. त्या तोडातोडीनेच रेडिओ गुरगुरतो. असाच तुकडा माझ्या बोर्डात आहे."

तिने पदराखालून बोर्ड काढला आणि बल्ब नाचवून दाखवला. वर, खाली. वर, खाली. महिपत खाली मान घालून बसला होता. ती मुद्दाम नाचवत राहिली.

तांब्या

दोघेतिघे बाह्या सरसावून पुढे आले. सगुणा आडवी आली. "मारू नका. ह्याला मारलंत की तुम्ही सुटलात. बल्ब ह्याने वाकवला, विहीर कोणी बंद केली?"

रावजी पुटपुटला, "बाय, झाला ता झाला. चिमाला उद्यापासून विहीर मोकळी."

सगुणाने पिशवीतून फिरकीचा तांब्या काढून उघडला. डबक्यातलं हिरवट पाणी, वर तवंग. तो तिने महिपतच्या तोंडाशी नेला. त्याने मान फिरवली. मग रावजीपुढे धरला.

"प्या, गावकर. मैना हेच प्यायली."

रावजी मागे सरला. तांब्या एकेकापुढे फिरला. दादूपुढेही. कोणी हात लावला नाही.

"का? कोणी कौल लावला काय, हे पिऊ नये म्हणून?" ती म्हणाली. "नुसतं बघून कळलं ना? वास घेतलात, विचार केलात, मागे सरलात. एवढीच अक्कल लागते, आणि ती तुमच्यापाशी आहे. मग चिमाच्या वेळी ती कुठे ठेवलीत? बाबाच्या पायाखाली काय आहे, हे एकाने तरी वाकून बघायचं होतं."

चिमा अंगणाच्या कडेला उभी होती. तिने कळशी कमरेला घेतली आणि भर गर्दीतून विहिरीकडे चालू लागली. माणसं बाजूला झाली. रावजीने पुढे होऊन कळशीला हात घातला, भरून देतो म्हणाला.

चिमाने त्याचा हात झटकला.