हायड्रोजन थांबेना

मुलं शाळेत रुळली आणि नऊ वर्षांच्या खंडानंतर ती पुन्हा प्रयोगशाळेत रुजू झाली. काम ऐकायला सोपं होतं. एका आम्लाच्या स्फटिकात दोन ऑक्सिजनांच्या मधला हायड्रोजन कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे उड्या मारतो. स्फटिक थंड करत न्यायचा आणि उड्या मोजायच्या. गारठ्यात त्या मंदावत थांबायला हव्यात. त्या थांबेचनात! उणे दोनशे तीस अंशांच्या खाली कितीही गारठवलं तरी वेग तेवढाच.

"नमुना थंडच होत नाहीये," आलेखावर नजर टाकून विभागप्रमुख सर म्हणाले. "थर्मामीटर थापा मारतोय. इतक्या वर्षांनी हात बसायला वेळ लागतो, बाई."

शेवटचं वाक्य तिला झोंबलं. शीतयंत्र सांभाळणारे मिस्त्री तर खवळलेच. "माझ्या यंत्राला नावं ठेवतात!" म्हणत त्यांनी नमुन्याला खेटून दुसरा थर्मामीटर बसवला. आकडा तोच आला. सर ढिम्म.

ती तडक त्यांच्या खोलीत गेली. "सर, हायड्रोजन मधला अडसर ओलांडत नाहीये, त्यातून आरपार जातोय. टनेलिंग. त्याच्या जागी ड्यूटेरियम घालते, म्हणजे दुप्पट जड हायड्रोजन. नमुना खरंच गरम असेल, तर तोही उड्या मारत राहील. पण आरपार जाणं त्याला फार जड जाईल."

"घालून बघा. काही फरक पडायचा नाही."

जड हायड्रोजनचे पहिले दोन स्फटिक तडकले. तिसरा काचेसारखा लख्ख निघाला. मोजणीच्या दिवशी सर स्वतः स्टूल ओढून बसले.

उणे दोनशे. उणे दोनशे तीस. हायड्रोजनची रेष इथे सपाट झाली होती. ही घसरतच राहिली. उणे दोनशे पन्नासला उड्या पार शंभराव्या हिश्श्यावर आल्या.

"अहो, हा जड गडी बसला की खाली!" मिस्त्री ओरडले.

सरांनी आकडे दोनदा तपासले. चष्मा काढला. "चुकलो मी, बाई. गुरुवारच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगतो."

"मी सांगते, सर."

सर हसले. "तुम्हीच सांगा."

गुरुवारी उभं राहायला जागा नव्हती. तासभर प्रश्नांची सरबत्ती झाली. ती कुठेच अडली नाही. टाळ्या ओसरल्यावर जिन्यात येऊन तिने आईला फोन लावला.

"हायड्रोजनचं घरी आल्यावर सांग," आई म्हणाली. "आधी सांग, तुझ्या त्या सरांचं तोंड कसं झालं होतं?"

ती इतकी खदखदून हसली की वरच्या मजल्यावरून दोघं वाकून बघायला लागले.