ओठातले खिळे

सहा वर्सं लेकरू नाही म्हनून सासूनं मले टोचून टोचून खाल्लं. केशरबाईची जीभ म्हंजे कात्री! मीबी गप बसनारी नव्हती. म्हनलं, "तुमच्या पोराले दाखवा ना डॉक्टरले!" तशी अंगावर आली, "माह्या वाघात काय खोट असन व?"

वाघ म्हंजे माहा नवरा, शेषराव. वाशीमच्या छापखान्यात शिशाचे खिळे, म्हंजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवे. अक्षराले अक्षर लावून अर्ध्या तालुक्याच्या लग्नपत्रिका त्यानं छापल्या. खोड एकच. हात गुंतले का खिळा ओठात धरे, अन् त्याच काळ्या बोटांनी तंबाखू मळे. मी चिडली का हसे.

चौऱ्याहत्तर साली सासूनं त्याच्यासाठी आसेगावची दुसरी पोरगी पाह्यली. हा तंबाखूची डबी खिशात टाकून कामावर निघून गेला. मले वाटलं, गेला हाबी! पन पठ्ठ्या गुपचूप नागपूरले जाऊन डॉक्टरकडून सोताले तपासून आला.

पाहुने आले त्या दिवशी चहा मलेच करा लागला, सवतीच्या बापासाठी! तेवढ्यात शेषराव भर बैठकीत उभा राह्यला.

"पाहुनेहो, चहा घ्या अन् जा. खोट माह्यात हाये, माह्या बायकोत, वच्छलात, नाही. शिसं माह्या रगतात भिनलं, त्यानं बीज कमजोर झालं. डॉक्टरचा कागद हाये."

सासू ओरडली, "चूप रे! चारचौघात इज्जत घालवतं काय?"

"सहा वर्सं हिची घालवली, तवा तुले इज्जत नाही आठवली?"

बापा, बापा! कोनता गडी असं बोलते? चुलीपाशी बसून मी ढसाढसा रडली. मले माह्या नवऱ्याचा लय अभिमान वाटला, आजबी वाटते.

डॉक्टरनं सांगतलं होतं, खिळा ओठात धरू नका, साबनानं हात धुतल्याबिगर तोंडात काही टाकू नका. रोज आवळा खा, पेरू खा, थे बिजाची आतून राखन करते, पन पह्यले शिसं पोटात जानं थांबवा. शेषरावानं तंबाखू सोडला. त्या डबीत सासूच वाळलेले आवळे भरून देऊ लागली.

शहात्तर साली पोरगी झाली. नामकरनाची पत्रिका शेषरावानंच जुळवली, अन् माहं नाव त्याच्या नावाच्या वर टाकलं. ज्या ज्या दारात मले वांझ म्हनलं होतं, त्या त्या दारात केशरबाई स्वतः पत्रिका घेऊन गेली. मी पोरीले घेऊन मागं उभी होती. दर दारात ती एकच बोलली, "खोट माह्या पोरात होती व बाई, सुनेत नाही."