पिचर म्हणजे जग की चेंडू?

लेस्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. का, तर नवऱ्याच्या, ग्रँटच्या सॉफ्टबॉलच्या टीममध्ये डार्सी नावाची एक बाई पिचर होती, म्हणजे चेंडू फेकणारी. बास, एवढंच! पण लेस्याला जळायला तेवढं पुरलं.

कॅनडातल्या सॅस्कटूनच्या विद्यापीठात ती शब्दांचे अर्थ माणसाच्या डोक्यात कसे उमटतात ते तपासायची. नवी चाचणी घरच्या माणसावरही करून बघावी म्हणून त्या शनिवारी तिनं ग्रँटला प्रयोगशाळेत आणून बसवलं. पडद्यावर एक शब्द यायचा, खाली दोन. अर्थानं जवळचा वाटेल त्याचं बटण दाबायचं. इंग्रजीत पिचर म्हणजे चेंडू फेकणाराही आणि पाण्या-सरबताचा जगही, म्हणून 'पिचर'च्या आधी तिनं मुद्दाम 'सरबत' घातलं होतं. सरबत वाचल्यावर पिचर म्हटलं की माणसाला सरबताचा जगच आठवणार, खेळ कुठून आठवायला? आतापर्यंत सगळ्यांनी 'जग'च दाबलं होतं.

ग्रँटनं झटक्यात 'चेंडू' दाबलं.

"अस्सं!" ती फणकारली. "समोर सरबत ठेवलं तरी तुला तीच बया दिसते!"

"कोण बया?"

"वेड पांघरू नकोस. डार्सी!"

"अगं बाई, गाडीत बसल्यापासून डार्सी, डार्सी कोण करतंय? डार्सीचा नेम काय, डार्सीची टोपी काय! मी तर तोंडातून चकार शब्द काढला नाही."

लेस्यानं कपाळावर हात मारला. नुकतंच कानावर पडलेलं नाव पुढच्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे ओढतं, हे तीच तर वर्गात घसा फोडून शिकवायची. मत्सराच्या भरात तिनं आपल्याच प्रयोगाची माती केली होती. तिला हसू फुटलं. कित्येक दिवसांनी हायसं वाटलं.

"चुकलं बाबा माझं," ती म्हणाली. "म्हणजे तुझ्या मनात तसलं काही नाही."

ग्रँटला हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खोटं बोलणं त्याला मेलं कधी जमलंच नाही.

"नव्हतं," तो खाली बघत म्हणाला. "मे महिन्यात खेळ सुरू झाला तेव्हा तिचं नावसुद्धा माझ्या लक्षात राहत नव्हतं. तू रोज जेवताना तिचा विषय काढायचीस. मग मीही बघायला लागलो, एवढं आहे तरी काय तिच्यात."

"आणि?"

"आता ती आठवायला कुणी तिचं नाव घ्यायची गरज लागत नाही, लेस्या."