जास्तीची माळ

लेकीने पुस्तकाचा फोटो काढला, तो कोपऱ्यात चिकटवलेली दुकानाची चिठ्ठी जागच्या जागी राहील अशा बेताने. त्या चिठ्ठीखाली आवृत्तीचा आकडा होता. ऑनलाइन जाहिरातीत तिने ‘अगदी नव्यासारखं’ एवढंच लिहिलं. ते खोटंही नव्हतं. पुस्तकं ती जिवापाड जपायची.

पण शरीरशास्त्राचं ते जाडजूड पुस्तक जुन्या आवृत्तीचं होतं. नव्या आवृत्तीत धड्यांखालचे प्रश्न बदलले होते, आणि कॉलेजात तेच सोडवून मागत. जुनं म्हटलं की रद्दीचा भाव येणार. इकडे पुढच्या वर्षाची पुस्तकं एका सीनियर मुलीने लेकीसाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच राखून ठेवली होती.

गिऱ्हाईक सकाळी येणार होतं. लेकीने नेमकी आईच्या मौनाची वेळ दिली. जप पुरा होईपर्यंत आई कुणाशी बोलत नसे.

“तू फक्त पुस्तक दे नि पैसे घे,” लेक म्हणाली. “खोटं थोडंच बोलायचंय?”

आई म्हणाली, बघू. तिला सगळं कळलं होतं, तरी ती नाही म्हणाली नाही.

त्या दिवशी जप लवकर आटोपला. शेवटचा मणी सरला आणि जिन्यात पावलं वाजली. आईने माळ डोळ्यांना लावली, आणि ठेवून द्यायच्या ऐवजी पुन्हा पहिला मणी धरला.

दारात एक बसकंडक्टर बाई होती, अंगात युनिफॉर्म, खांद्याला तिकिटांची पिशवी. मुलीचं पहिलं वर्ष आहे, म्हणाली. पुस्तक उलटसुलट करत तिने विचारलं, “नवीच आवृत्ती ना ही?”

आईने माळ दाखवली आणि हात जोडले. आत न्हाणीत लेकीने नळ मोठा सोडला.

“राहू द्या ताई, जप मोडू नका. फोनवरून घ्यायचं म्हणजे धाकधूकच असते हो. तुमच्या हातात माळ बघितली आणि जीव भांड्यात पडला.” तिने पैसे मोजून दिले, वरची चिल्लरसुद्धा. “कंडक्टर सुटे देत नाही म्हणतात ना? घ्या, दिले.” हसत ती जिना उतरू लागली.

आईच्या बोटांत मणी पुढे सरकेना.

“ताई, थांबा.” आवाज घोगरा निघाला. “ते जुन्या आवृत्तीचं आहे. चिठ्ठीखाली आकडा आहे.”

बाई परत वर आली. तिने नखाने चिठ्ठी खरवडली, आकडा पाहिला. मग माळेकडे पाहिलं.

“मघाशी जप चालू होता ना तुमचा, म्हणून बोलला नाहीत?”

हो म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. ती वाट करून देत होती.

“नाही,” आई म्हणाली. “जप तुम्ही यायच्या आधीच संपला होता.”

बाईने पुस्तक उंबऱ्याशी अलगद ठेवलं, पैसे परत घेतले आणि सवयीने “येते” म्हणून गेली.

लेक केस पुसत बाहेर आली. पुस्तक पाहून म्हणाली, “बोललीस? आता त्या सीनियरला काय सांगू?”

आईने उंबऱ्याशी ठेवलेलं पुस्तक उचलून तिच्या हातात दिलं. थोड्या वेळाने लेकीने आपणच फोन घेतला आणि मान खाली घालून जाहिरातीतली किंमत उतरवली, आवृत्ती लिहिली.

जप झाला की माळ देवापुढे ठेवायची. आई दोनदा तिथवर गेली. माळ हातातच राहिली.