पहिलं पाऊल घरीच

सकाळी पावणेनऊला ढमीच्या आईने लेकीला पाळणाघराच्या दारात ताईच्या कडेवर दिलं आणि उद्या ती येणार नाही, डॉक्टरांकडे न्यायची आहे, असं सांगितलं.

"दीड वर्षाची झाली, अजून एक पाऊल नाही," आई म्हणाली. "सासूबाई म्हणतात, बापावर गेलीय, आळशी. काही मुलं उशिराच चालतात, असं डॉक्टरही मागे म्हणाले होते. तरी एकदा दाखवून येते."

ताईने ढमीच्या पायांकडे पाहिलं. ढमी चालली होती. दोन महिन्यांपूर्वी, रांगत्यांच्या खोलीत, ठोकळ्यांच्या टोपलीपासून खिडकीपर्यंत, कुणाचं बोट न धरता. आठवडाभर रोज चार-पाच पावलं टाकायची आणि स्वतःच टाळ्या पिटायची. मग उजवा पाय ओढू लागली, मग भिंत धरू लागली. आता बसल्या जागेवरून हलत नव्हती. दात येत असतील, असं ताईने स्वतःला समजावलं होतं.

आईला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तशी इथली रीतच होती. मूल पहिल्यांदा पाळणाघरात चाललं, तरी सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. आई नाचत बातमी घेऊन आली, की "अय्या, खरंच?" म्हणून चकित व्हायचं. ताईला ते छान जमायचं. ढमीच्या आईची बातमी मात्र आलीच नाही. ती संध्याकाळी घेऊन जायची ती पेंगुळलेली पोर.

दुपारी मुलं झोपल्यावर ताई मोठ्या बाईंकडे गेली. पाळणाघर त्यांचंच.

"आता सांगशील?" बाई म्हणाल्या. "ती विचारेल, अजून काय काय लपवलंत? बाकीच्या आया काय गप्प बसतील?"

"पण बाई, न चाललेली पोर वेगळी आणि चालायची थांबलेली वेगळी."

"डॉक्टर काय आंधळे आहेत? तू नाकं पुसायला आहेस, तेवढी पूस."

संध्याकाळी ताईने दारातच सगळं सांगून टाकलं. ढमीची आई आधी हसली. थट्टा वाटली असावी.

"चालली? तुम्ही सगळ्यांनी बघितलं?"

"हो."

"मी रोज विचारत होते ना, आज काही नवीन?"

"तुम्हालाच आधी दिसावं, म्हणून..."

"माझ्यासाठी केलंत होय! फार उपकार झाले, ताई." तिने ढमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. ढमी ताईकडे झेपावत होती, तिचा हात आईने घट्ट दाबून धरला. "आता नीट सांगा. आधी कुठला पाय? पडायची तेव्हा रडायची का? आणि खोटं एक अक्षर नको."

ताई सांगत गेली. आत मोठ्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ढमीला दवाखान्यातच ठेवून घेतलं. आधी आला असतात तर काही फरक पडला असता का, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. ताईला बाईंनी कळवेपर्यंत येऊ नकोस म्हटलंय. काल ढमीच्या बाबांचा तिला फोन आला होता. त्यांनी एवढंच विचारलं, की चालताना ती कशी दिसायची.