माझ्या स्वयंपाकघरात आलेला कोच

ज्या मक्याच्या भाकरीवर रॉयस वाढला, तिची कृती त्याने परवाच्या रविवारी मला विचारली. वर म्हणाला की अशी भाकर उभ्या आर्कान्सॉ राज्यात कुठे मिळत नाही. पोटचा पोरगा, वय चव्वेचाळीस, आणि माझ्यासमोर बसून पाहुण्यासारखी तारीफ करतोय. चहा ओतता ओतता माझा हात थांबला. कारण ही तारीफ मला ठाऊक होती. ती तो लोकांच्या घरी करतो.

रॉयस कॉलेजात बेसबॉलचा सहायक कोच आहे. सराव घेणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे गावोगाव फिरून सतरा-अठरा वर्षांची चांगली पोरं हेरायची, त्यांच्या घरी जाऊन बसायचं आणि होकार घेऊन उठायचं. एकोणीस वर्षांत सहा कॉलेजं झाली. पहिली दोन वर्षं तर बिनपगारी. सामानाच्या खोलीत झोपायचा, मैदानाचं गवत कापायचा आणि मला फोनवर सांगायचा की झकास चाललंय. दर रविवारी त्याचा फोन. गाडी चालवता चालवता त्याने मला सगळा धंदा सांगून टाकला. घरात शिरलं की आधी सगळ्यांत म्हाताऱ्या बाईची विचारपूस करायची, कारण बाप बोलतो पण ठरवते ती. दोनदा वाढून घ्यायचं. कृती विचारायची. भिंतीवरचे फोटो बघता बघता पोराचा बाप आणि आजा किती उंच होते ते काढून घ्यायचं, म्हणजे पोरगा अजून किती भरेल त्याचा अंदाज येतो. शेवटी ताटं उचलायची. ताटं उचलली की घर आपलं, असं म्हणायचा आणि हसायचा. मीही हसायचे. तेव्हा घरं दुसऱ्यांची होती.

आता त्याने दुसऱ्यांदा घेवडा वाढून घेतला. मी बघत होते. बायकोशी बिनसलं असेल का? काही दुखणं निघालं? का नदीकाठच्या जमिनीवर डोळा आहे? तेवढ्यात तो उठला, भिंतीपाशी गेला आणि फोटोकडे बघत सहज विचारल्यासारखं विचारलं की केलनचा बाप नक्की किती उंच होता.

म्हणजे जमीन नको होती. केलन हवा होता.

केलन माझ्या लेकीचा, डार्लाचा, मुलगा. डार्ला ह्यूस्टनला इस्पितळात कामाला असते, पोरगा सातव्या वर्षापासून माझ्याकडे. डावखुरा. तो चेंडू टाकायला लागला की कागदगिरणीची माणसं पाळी संपवून, डबा हातात घेऊन कुंपणाशी उभी राहतात. तीन कॉलेजांनी त्याला मागणी घातलेली होती आणि या बुधवारी त्याने एकाच्या कागदावर सही करायची होती. त्यात रॉयसचं कॉलेज नव्हतं. दोन वर्षांपूर्वी रॉयसनेच मला सांगितलं होतं की या पोराचा मी मामा, कोच नव्हे, त्याला मी कधी मागणार नाही.

केलन मागच्या अंगणात फोनवर बोलत होता. मी रॉयसला म्हटलं, बस. चाळीस वर्षं गिरणीत आणि चुलीशी काढली, सहावीच्या पुढे शाळा नाही, पण माझ्याच घरात मला कोणी गुंडाळतंय हे कळायला शाळा लागत नाही. काय ते सरळ सांग.

मग सांगितलं. त्याच्या मोठ्या कोचने त्याला बजावलं होतं की बुधवारपर्यंत एक चांगला डावखुरा आण, नाहीतर जूनमध्ये तुझा करार संपला. रॉयसची लेक आठवीत आहे आणि ही तिची चौथी शाळा. यंदा कुठे तिला एक मैत्रीण मिळाली आहे. आई, आता पुन्हा खोकी भरायची ताकद नाही, असं म्हणताना त्याचा आवाज खरोखर घोगरा झाला. केलनला पूर्ण शिष्यवृत्ती मिळेल, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं. आणि मामा डोळ्यांसमोर.

मी विरघळले, खोटं कशाला बोलू. लेकरू संकटात होतं. केलनचंही भलं होत होतं. तरी एक गोष्ट घशात अडकलेल्या काट्यासारखी टोचत होती. आदल्या दिवशी, शनिवारी, केलनचा हंगामाबाहेरचा एक सामना होता आणि रॉयस गावात येऊन थेट मैदानावर आला होता. चेंडूचा वेग मोजायचं त्यांचं एक पिस्तूल असतं, ते रोखून बसला होता. चौथ्या डावात त्याने ते पिशवीत टाकलं. मागणी घातलेल्या तिघांपैकी दोन कॉलेजांची माणसं मात्र आपापली पिस्तुलं शेवटपर्यंत रोखून होती. तिथेच मी विचारलं होतं, तू लवकर का आवरलंस? म्हणाला, हवं ते बघून झालं.

तेवढ्यात केलन अंगणातून आत आला आणि रॉयसने त्याला बातमी सांगितली. पोराचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. लहानपणापासून मामाच्या टोप्या घालून फिरणारा पोरगा तो. त्याने मला मिठी मारली, एका हाताने. मी म्हटलं, नाचू नंतर, आधी तो तवा चुलीवरून इकडे आण.

बिडाचा जड तवा आमचा, माझ्या सासूचा. भाकर अर्धी त्यातच होती. एरवी केलन तो डाव्या हाताने पुस्तकासारखा उचलतो. त्या दिवशी त्याने उजवा हात घातला. तवा कलंडला. डावा हात आधाराला पुढे आला आणि अर्ध्यात थांबला.

आणि रॉयस खुर्चीतून उठलासुद्धा होता. तवा कलंडायच्या आधी. त्याने तो पोराच्या हातातून अलगद घेतला, टेबलावर ठेवला आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. केलनने मान खाली घातली. मामाने झाकलं म्हणून पोराला हायसं वाटलं. मला मात्र चटका बसला. पोराचं कोपर दुखत होतं, हे मला तेव्हा कळलं. रॉयसला आधीच ठाऊक होतं.

मी केलनला अक्रोडासारख्या पिकानच्या गोड पायचा तुकडा देऊन शेजारच्या ओपलबाईंकडे पाठवलं. ती बाई अर्धा तास तरी कोणाला सोडत नाही. दार लागलं तसं रॉयसने ताटं गोळा केली आणि मोरीकडे निघाला.

"ताटं ठेव खाली," मी म्हटलं. "कधी दिसलं तुला?"

त्याने उगाच कसलं काय म्हणून विचारलं नाही, एवढं त्याचं मानलं पाहिजे. तो स्वतः बारा वर्षं चेंडू झेलायला बसलेला माणूस, चेंडू टाकताना कोणाचं कोपर दुखून कधी खाली आलं ते त्याला पिस्तुलाशिवाय कळतं.

"चौथ्या डावात. प्रत्येक चेंडूनंतर हात झटकत होता."

"आणि तू मला भाकरीची कृती विचारलीस."

तो सांगू लागला. शाळेच्या हंगामाला अजून तीन महिने आहेत, विश्रांती मिळाली की बहुतेक भरून येईल. आत्ता हे बाहेर पडलं तर तिन्ही कॉलेजं मागे सरतील आणि पोराच्या हाती काहीच उरणार नाही. आधी सही होऊ दे, मग कॉलेजचे डॉक्टर बघतील. सगळं असं गुळगुळीत की दुसरी बाई असती तर तिने त्याला पायचा आणखी एक तुकडा वाढला असता.

मी विचारलं, गेल्या वर्षीचा तो डावखुरा, तू मला फोनवर ज्याच्याबद्दल रडत सांगितलंस, त्याचं काय झालं? मोठ्या कोचने एका सामन्यात त्याला शंभरावर चेंडू टाकायला लावले, कोपराचं ऑपरेशन करावं लागलं आणि शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी दुसऱ्याला गेली. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातही तूच बसला होतास ना?

रॉयसने हातातली ताटं टेबलावर ठेवली. नोकरी जाणार हे त्याला दिसत होतं, मलाही दिसत होतं. आठवीतल्या त्या पोरीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. ती पण माझीच नात. म्हणून मी आवाज चढवला नाही.

"रॉयस, नीट ऐक. बुधवारी केलन कुठेच सही करणार नाही. उद्या सकाळी तूच त्याला डॉक्टरकडे नेशील आणि वाटेत त्याला सांगशील की तुला शनिवारीच कळलं होतं. नोकरी गेली तर बायकोपोरीला घेऊन इथे ये, दोन खोल्या रिकाम्या आहेत, कोणाला उपाशी ठेवणार नाही मी. तू पोरगा म्हणून माझाच आहेस. पण आपल्या पोराचं दुखणं तू आधी पाहिलंस आणि मग त्याच्यावर झाकण घातलंस, म्हणून या घरातल्या कुठल्याही लेकराबद्दल तुझा शब्द आजपासून मी धरणार नाही."